हँक विल्यम्स ज्युनियर: बापाच्या आवाजातून बाहेर पडायला लागलेली पंधरा वर्षं

तबकडीवाला

कंट्री संगीतावरचे धागे इथे अधूनमधून निघतात आणि दोन प्रतिसादांत जॉन डेन्व्हरवर जाऊन थांबतात. म्हणून हा फक्त एका माणसावर.

अमेरिकन कंट्री गायक हँक ज्युनियरची गोष्ट साधारण अशी सांगतात: थोर बापाचा मुलगा, बापाची गाणी गाऊन पोट भरत होता, १९७५ साली डोंगरावरून पडला, चेहरा फुटला, आणि बरा झाला तो दाढी, गॉगल, हॅट घालून स्वतःची गाणी गातच. सुटसुटीत आहे, पण तारखा जुळत नाहीत.

आधी बाप. हँक विल्यम्स, जन्म १९२३, अलाबामा. 'लव्हसिक ब्लूज' १९४९ मध्ये गाजलं, त्याच जूनमध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीत (कंट्री संगीताचा सर्वांत मानाचा रेडिओ-रंगमंच कार्यक्रम) प्रवेश मिळाला, ऑगस्ट १९५२ मध्ये दारूपायी तिथून हकालपट्टी. १ जानेवारी १९५३ ला ओहायोतल्या कँटनच्या कार्यक्रमाला जाताना कॅडिलॅकच्या मागच्या सीटवर मेला. वय २९.

मुलगा २६ मे १९४९ चा, लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टचा. पाळण्यातलं नाव रँडल हँक विल्यम्स. बापाचं खरं नाव हायरम, त्यामुळे 'ज्युनियर' हे कागदोपत्री नाहीच, ते पोस्टरवरचं. बापानं लाडानं बोसेफस म्हटलं, ऑप्रीतला विनोदी नट रॉड ब्रॅसफील्डच्या बोलक्या बाहुल्याचं नाव. आजही चाहते तेच वापरतात. बाप गेला तेव्हा पोरगं साडेतीन वर्षांचं.

आई ऑड्री. तिनं आठव्या वर्षी त्याला जॉर्जियातल्या स्वेन्सबरोला रंगमंचावर चढवलं, अकराव्या वर्षी ऑप्रीत. १९६४ मध्ये पहिली रेकॉर्ड: बापाचंच 'लाँग गॉन लोनसम ब्लूज', कंट्री गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. गायक १४ वर्षांचा. त्याच वर्षी बापावरच्या चित्रपटात जॉर्ज हॅमिल्टननं नुसते ओठ हलवले, गाणी याच पोरानं गायली.

आता तारखा. १९७४ मध्ये त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला, वाचला, आणि नॅशव्हिल सोडून अलाबामातल्या कलमनला राहायला गेला. 'हँक विल्यम्स ज्युनियर अँड फ्रेंड्स' हा एलपी अलाबामातल्याच मसल शोल्सला मुद्रित केला. सोबत सदर्न रॉकची, म्हणजे कंट्री आणि ब्लूज मिसळलेल्या दक्षिणी रॉकची माणसं: चार्ली डॅनियल्स, मार्शल टकर बँडचा टॉय कॉल्डवेल आणि ऑलमन ब्रदर्सचा पियानोवादक चक लेव्हेल. हे सगळं ध्वनिमुद्रण ८ ऑगस्ट १९७५ च्या आधी झालं. त्या दिवशी तो माँटाना-आयडाहो सीमेवरच्या एजॅक्स शिखरावरून पडला. म्हणजे वळण अपघातानं घेतलेलं नाही, ते टेपवर आधीच होतं. त्या एलपीवर 'माँटाना साँग' नावाचं गाणंही आहे, तेही पडण्याआधीचं.

अपघातानं काय केलं? माझ्या मते त्यानं परतीची वाट बंद केली. बापासारखा दिसणारा, बापासारखा गाणारा तो मुलगा आता शरीरानंच उरला नाही. वर नोव्हेंबर १९७५ मध्ये ऑड्रीही गेली. पूर्वीचा कार्यक्रम पुन्हा सुरू करायला सांगणारं कुणी राहिलं नाही.

---

अस्थिभंग

तबकडीवाला, मुद्दा पटला. थोडं वैद्यकीय अंगानं.

बर्फ पायाखालून सुटलं आणि तो साधारण पाचशे फूट, म्हणजे दीडशे मीटर, खाली खडकांवर आदळत गेला. कवटी फुटली, चेहऱ्याची हाडं मोडली. पुढची जवळजवळ दोन वर्षं शस्त्रक्रिया चालू होत्या. बोलायला आणि गायला नव्यानं शिकावं लागलं.

लोक विचारतात, हाड सहा-आठ आठवड्यांत जुळतं, मग दोन वर्षं कशाला? अशा दुखापतीत सगळं एका वेळी दुरुस्त होत नाही. आधी मेंदू आणि श्वास. मग जबडा, कारण दातांची चावणी जुळली की वरची हाडं कुठे बसवायची ते कळतं. जबडा तारेनं बांधला की चार ते सहा आठवडे तोंड उघडत नाही, आणि सोडल्यावर स्नायू इतके आखडलेले असतात की दोन बोटं आत जातील एवढं तोंड उघडायलाही रोजचा व्यायाम लागतो. डोळ्याची खोबण, नाक, कपाळ हे पुढचे टप्पे, सूज उतरल्यावर.

गाण्यापुरतं पाहिलं तर सूर स्वरयंत्रात तयार होतो, पण त्याचा रंग तोंडाच्या आणि नाकाच्या पोकळीत ठरतो. टाळू, दात, ओठ यांची जागा बदलली की प, ब, फ, स आधी बिघडतात आणि ओळखीची स्वरस्थानं तोंडात वेगळी लागतात. गळा शाबूत असला तरी वर्षानुवर्षांचं घोटलेलं अनुकरण अशा तोंडातून जसंच्या तसं येणार नाही. दाढी, काळा चष्मा आणि हॅट हे व्रण झाकायला आले, नंतर तीच ओळख झाली.

---

उंटावरचा_शहाणा

एवढं कौतुक चाललंय, पण १९७५ च्या आधी त्याचं स्वतःचं काहीच नव्हतं का? सरळ सांगा, बापाच्या जिवावर जगला ना?

---

तबकडीवाला

होतं. 'स्टँडिंग इन द शॅडोज', १९६६, स्वतः लिहिलेलं, पाचव्या क्रमांकावर गेलं. विषय अर्थात बापाच्या सावलीत उभं राहणं! 'ऑल फॉर द लव्ह ऑफ सनशाइन' (१९७०) आणि 'इलेव्हन रोझेस' (१९७२) पहिल्या क्रमांकावर गेली, दोन्ही बापाची नाहीत. यश होतं, पण तऱ्हा नॅशव्हिलची: मागे कोरस, गुळगुळीत वाद्यमेळ. गायक कुणीही चालला असता.

बापाच्या जिवावर म्हणाल तर त्याला तसं जगवलं गेलं. एमजीएम कंपनीकडे मेलेल्या बापाच्या मोजक्याच रेकॉर्डिंग होत्या आणि मागणी संपत नव्हती. मग काय करायचं? १९६५ मध्ये 'फादर अँड सन' काढला: बापाच्या जुन्या टेपवर मुलाचा आवाज चढवून केलेली युगुलगीतं. बापाच्या गाण्यांवर नंतर व्हायोलिनचे ताफे चढवले. बाप 'ल्यूक द ड्रिफ्टर' नावानं उपदेशपर बोलगाणी करायचा, म्हणून मुलाला 'ल्यूक द ड्रिफ्टर ज्युनियर' केलं.

जुन्या एलपी घेणाऱ्यांसाठी: बापाच्या एमजीएम एलपीवर 'इलेक्ट्रॉनिक स्टीरिओ' किंवा तत्सम काही छापलं असेल तर ठेवून द्या. मुळात एकाच मार्गिकेचं ध्वनिमुद्रण, त्यातले वरचे स्वर एका बाजूला, खालचे दुसऱ्या बाजूला ढकलून आणि थोडा घुमारा घालून खोटा स्टीरिओ करायचे. हेडफोनवर गायक एका कानात चिरका, दुसऱ्यात बोदा ऐकू येतो. दोन्ही बाजू एकत्र केल्या तरी मूळ परत मिळत नाही, कारण घुमारा आत मुरलेला असतो. 'मोनो' लिहिलेली प्रतच बघा. आणि मागे तारवाद्यांचा मोठा ताफा किंवा ड्रम ऐकू आला तर ती मूळ प्रत नाहीच, हँकच्या प्रसिद्ध रेकॉर्डांवर ड्रम जवळपास नाहीत.

---

सहा_तारा

ड्रम नाहीत तर ठेका कुठून येतो, हे गिटारवाल्यांसाठी सांगण्यासारखं आहे.

इलेक्ट्रिक गिटारवर खालच्या तारांची कॉर्ड (एकदम वाजणारे दोन-तीन सूर) वाजवायची आणि लगेच डाव्या हाताचा दाब सोडायचा, बोटं मात्र तारांना चिकटलेलीच. 'चक्' असा कोरडा आवाज येतो, तोच दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा ढोल. बापाचा गिटारवादक सॅमी प्रुएट यात पक्का. नवशिक्यांची हमखास चूक म्हणजे बोटं पूर्ण उचलणं. मग मोकळ्या तारा गुंजत राहतात आणि ठेका विरघळतो. म्हणून मोकळ्या तारांची सी, जी, डी नको. सगळ्या तारा दाबलेली आकृती घ्या, म्हणजे एका हालचालीत सगळं मुकं होतं.

त्यावर डॉन हेल्म्सची स्टील गिटार (आडवी ठेवून, तारांवर पोलादी दांडी सरकवून वाजवतात ती). निर्माता फ्रेड रोझ त्याला वरच्या पट्टीतच ठेवायचा. हँकचा आवाज मधल्या पट्टीत, स्टील खाली उतरली की दोघं एकमेकांच्या अंगावर येतात.

बापाचं 'युअर चीटिन् हार्ट' सी मध्ये वाजवायचं तर अंतऱ्याच्या आठ आवर्तनांना सी, सी७, एफ, एफ, जी७, जी७, सी, जी७. मधल्या भागाला एफ दोन, सी दोन, डी७ दोन, जी७ दोन. पुस्तकं तीन कॉर्डचं संगीत म्हणतात, पण सगळी ओढ त्या डी७ मध्ये आहे. ती गाळून सरळ जी७ ला गेलात तर गाणं सपाट पडतं.

आता मुलाचं १९७९ चं 'फॅमिली ट्रॅडिशन' लावा. ड्रम पुढे, बास जाड, गिटार सदर्न रॉकची. मुकी गिटार हवी कशाला, काम ड्रमरनं उचललंय. आणि मोकळ्या झालेल्या जागेत गायक अर्धं बोलतो, अर्धं गातो. बापाच्या मांडणीत असं बोलायला जागाच नव्हती.

---

रेवा_प

यॉडलचं, म्हणजे आवाज एकदम खालून वर उडवत गाण्याचं, कुणी बोललं नाही. 'लाँग गॉन लोनसम ब्लूज' दोघांचं पाठोपाठ ऐका, बापाचं १९५० चं, मुलाचं १९६४ चं. आवाज छातीतून डोक्यात उडी मारतो ती जागा पकडा. बापाची उडी खडबडीत आहे, मध्ये आवाज तुटतो आणि ते तुटणंच हवं असतं. मुलाची उडी नेमक्या जागी पडते, आणि तिथेच वय कळतं: १४ वर्षांच्या पोराला आठवणीतलं दुःख नसून पाठ केलेलं दुःख गायचंय.

आपल्याकडे गाणं शिकलेले लोक हे करायला जातात तेव्हा एक अडचण येते. मींड इतकी अंगात असते की दोन सुरांमधली दरी ते घसरत पार करतात. यॉडलमध्ये घसरलात की संपलं. 'ओ' वर छातीचा सूर लावा, 'ई' वर वरचा, मधला सूर अजिबात नको, आणि आवाज वाढवू नका, हळूच करा. जोर लावला की छातीचा आवाज वर ओढला जातो आणि गळा बसतो. किशोरकुमारचं यॉडल कानात असेल तर उडी कळेल, मात्र त्याच्यात मौज आहे, इथे हुंदका आहे.

---

कलम_कसाई

संगीत झालं, आता पैसे. कारण या घराण्याचा अर्धा इतिहास कोर्टात आहे.

अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यात स्वामित्वहक्क २८ वर्षांचा, पुढे आणखी २८ वर्षांसाठी नूतनीकरण. महत्त्वाचं कलम असं: गीतकार नूतनीकरणाच्या वर्षाआधी मेला तर नूतनीकरणाचा हक्क प्रकाशकाकडे जात नाही, विधवा आणि मुलांकडे जातो. हँक २९ व्या वर्षी मेला, म्हणजे एकाही गाण्याचं नूतनीकरण त्याच्या हयातीत झालं नाही. सगळा खजिना वारसांचा. भांडण इतकंच की वारस कोण.

१. ऑड्री: १९५२ मध्ये घटस्फोट. तडजोडीत अर्धी रॉयल्टी मिळाली, पण ती विधवा नव्हे.

२. बिली जीन: ऑक्टोबर १९५२ मध्ये लग्न, न्यू ऑर्लिन्सच्या सभागृहात तिकीट लावून. आधीच्या घटस्फोटाच्या कागदांवरून या लग्नाच्या वैधतेवर वर्षानुवर्षं वाद झाला. शेवटी १९७५ मध्ये कोर्टानं तीच कायदेशीर विधवा ठरवली.

३. हँक ज्युनियर: अल्पवयीन असतानाच पालकानं त्याचा नूतनीकरणाचा वाटा प्रकाशक एकफ-रोझला विकून टाकला.

४. जेट विल्यम्स: बापाच्या मृत्यूनंतर पाच दिवसांनी जन्मलेली मुलगी, आई बॉबी जेट. हँकनं मरण्यापूर्वी तिच्या सांभाळाचा लेखी करार केला होता. त्याच्या आईनं तिला दत्तक घेतलं, ती वारल्यावर मूल दुसऱ्या घरी गेलं. मोठेपणी तिनं वारसाहक्काचा दावा लावला. १९८९ मध्ये अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला. न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयानं त्याच वर्षी आधी 'फार उशीर केला' म्हणून तिला नाकारलं आणि काही महिन्यांत स्वतःचाच निकाल फिरवला.

हँक ज्युनियर या सगळ्यात तिच्या विरोधात होता. हेही सांगायला हवं, नाहीतर धागा आरती होईल. गंमत म्हणजे पुढे दोघं एका बाजूला आले. बापाचे १९५१ चे 'मदर्स बेस्ट' पिठाच्या जाहिरातीचे रेडिओ कार्यक्रम कुणाचे, यावर रेकॉर्ड कंपनीनं दावा सांगितला. २००६ मध्ये टेनेसीच्या अपील न्यायालयानं हक्क या भावाबहिणीचा मानला. २००८ पासून ती ध्वनिमुद्रणं बाजारात आली.

---

उंटावरचा_शहाणा

राजकारण सोयीस्करपणे गाळताय सगळे. २०११?

---

तबकडीवाला

गाळत नाही. १९८९ पासून टीव्हीवर सोमवारच्या अमेरिकन फुटबॉल सामन्याआधी त्याचं गाणं वाजायचं, 'ऑल माय राउडी फ्रेंड्स आर कमिंग ओव्हर टुनाइट' चे शब्द बदलून केलेलं. टीव्हीची चार एमी पारितोषिकं मिळाली. ऑक्टोबर २०११ मध्ये फॉक्स वाहिनीवर अध्यक्ष ओबामा आणि विरोधी पक्षाचे सभापती बेनर यांच्या गोल्फच्या खेळाला त्यानं हिटलर-नेतान्याहूची उपमा दिली. सामने दाखवणाऱ्या ईएसपीएन वाहिनीनं गाणं काढलं. २०१७ मध्ये परत आणलं, पुढे २०२० ला पुन्हा वगळलं.

हे अचानक उगवलेलं नाही. १९८८ मध्ये त्याचं 'इफ द साउथ वुडा वन' आलं, यादवी युद्ध दक्षिणेनं जिंकलं असतं तर काय, असं. त्यात गुलामगिरीचा प्रश्न सोयीनं बाजूला ठेवलाय. यादवीत फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडाही त्यानं मिरवला. बापाकडे हे नव्हतं. बाप लहानपणी रुफस पेन नावाच्या कृष्णवर्णीय रस्त्यावरच्या गायकाकडून गिटार शिकला. मुलाला स्वतःचा श्रोतावर्ग सापडला, आणि त्या वर्गाचा अभिमान हा त्याच्या धंद्याचा भाग झाला. ऐकणाऱ्यानं दोन्ही माहीत ठेवून ऐकावं.

---

माणदेशी_सूर

'देअर्ज अ टिअर इन माय बिअर' मध्ये बाप-लेक एकत्र गातात ते कसं केलं? १९६५ सारखंच ना?

---

तबकडीवाला

तत्त्व तेच, काम फार वेगळं. बापानं हे गाणं लिहून बिग बिल लिस्टर या गायकाला नमुन्याची तबकडी दिली होती, नुसता आवाज आणि गिटार. लिस्टरकडे ती दशकानुदशकं पडून होती, १९८८ च्या सुमारास त्यानं हँक ज्युनियरला दिली. १९८९ मध्ये दुहेरी रूप निघालं आणि ग्रॅमी मिळालं.

अशा तबकडीवर नवं वाद्यवृंद चढवताना तीन ठिकाणी अडतं. एक, एकटा माणूस गिटारवर गातो तेव्हा लय श्वासाप्रमाणे मागेपुढे होते. वादकांना मोजपट्टीवर वाजवून चालत नाही, त्याच्या डुलण्यामागे जावं लागतं. दोन, तबकडी कापताना आणि वाजवताना वेग किंचित वेगळा असतो, म्हणून पट्टी दोन सुरांच्या मध्ये कुठेतरी येते. एकतर तबकडीचा वेग सुधारा, नाहीतर सगळी वाद्यं तिच्याशी लावून घ्या. तीन, खरखर. ती कापायला वरचे स्वर छाटले की स, श, त हे वर्णही जातात आणि गायक घोंगडीत तोंड घालून गातोय असं वाटतं. बरेचदा थोडी खरखर ठेवून तिच्यावर नवी झांज किंवा स्टील वाजवणं शहाणपणाचं ठरतं.

व्हिडिओसाठी १९५२ च्या केट स्मिथच्या कार्यक्रमाचं चित्रण वापरलं. त्यात बाप वेगळंच गाणं गातोय, त्यामुळे ओठ जुळवणं हेच मुख्य काम होतं. १९८९ च्या मानानं चांगलं जमलंय, हनुवटीकडे रोखून बघितलं तर मात्र सांधा दिसतो.

---

सहा_तारा

एक आकडा राहिला. मुलाची एकूण दहा गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. त्यात 'हाँकी टाँकिन्' (१९८२) आणि 'माइंड युअर ओन बिझनेस' (१९८६) ही बापाची. बापाच्या स्वतःच्या आवाजात यातलं एकही पहिल्या क्रमांकावर गेलं नव्हतं. अनुकरण सोडल्यावरच बापाची गाणी वर नेता आली. १९८२ मध्ये तर बिलबोर्डच्या कंट्री यादीत त्याचे नऊ एलपी एकाच वेळी होते.

---

माणदेशी_सूर

सुरुवात कुठून करू? ॲपवर 'हँक विल्यम्स' टाकलं की तिघं एकत्र येतात.

---

रेवा_प

तिसरा म्हणजे नातू, हँक थ्री, १९७२ चा. चेहरा आजोबांचा, संगीत अर्धं पंक. तो सध्या बाजूला ठेवा. १९९६ चा 'थ्री हँक्स'ही टाळा, आजोबांचा आवाज जुन्या टेपवरून उचललेला आहे.

ज्युनियरचा क्रम: 'अँड फ्रेंड्स' पूर्ण. मग १९७९ चे दोन्ही, 'फॅमिली ट्रॅडिशन' आणि 'व्हिस्की बेंट अँड हेल बाउंड'. मग १९८१ चा 'द प्रेशर इज ऑन', त्यात 'अ कंट्री बॉय कॅन सर्व्हाइव्ह' आहे. मधली वर्षं वरवर चाळा, त्याच त्या पार्टीची गाणी फार आहेत. थेट २०२२ चा 'रिच व्हाइट हाँकी ब्लूज'. डॅन ऑवरबाखनं नॅशव्हिलला तीन दिवसांत सगळ्यांना एकत्र बसवून मुद्रित केला. त्र्याहत्तरीचा आवाज, पण जुना ब्लूज त्याला शोभतो. वेचक गाण्यांचे संग्रह घेताना साल तपासा, अपघाताआधीची आणि नंतरची गाणी एकत्र कोंबलेली असतात.

---

सहा_तारा

कलम_कसाई, बापाची गाणी इथे कार्यक्रमात गायची तर परवानगी लागते का?

---

कलम_कसाई

भारतात गीत आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. हँक १९५३ ला गेला, म्हणजे २०१३ अखेर मुदत संपली. फ्रेड रोझसोबत लिहिलेलं 'कॉ-लाइजा' असेल तर रोझ १९५४ ला वारला, एक वर्ष पुढे धरा. 'लव्हसिक ब्लूज' हँकचं नाहीच, ते क्लिफ फ्रेंड आणि अर्व्हिंग मिल्स यांचं १९२२ चं आहे, त्याचा हिशोब मिल्सच्या मृत्यूपासून वेगळा करावा लागेल.

रंगमंचावर गाणं एक, यूट्यूबवर टाकणं दुसरं. तिथे अमेरिकेचा कायदा आडवा येतो: त्या काळची गाणी प्रसिद्धीपासून ९५ वर्षं, १९४९ चं गाणं २०४४ अखेरपर्यंत संरक्षित. आणि बापाचं मूळ ध्वनिमुद्रण लावायचं असेल तर १९४७ ते १९५६ मधल्या रेकॉर्डांना तिथे ११० वर्षं आहेत, म्हणजे १९४९ ची रेकॉर्ड २०५९ अखेरपर्यंत. मुलाची गाणी तर कुठेच मोकळी नाहीत, त्यांची परवानगी घ्याच.